संघ चालविणाऱ्याची खुर्ची



फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते, चिखल येतो आणि घामाने भिजलेली पोरे येतात. परंतु गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असाही एक फुटबॉल निघाला आहे की ज्यात खेळणारा चेंडूला पाय लावीत नाही. तो संगणकापुढे किंवा मोबाइल हातात घेऊन बसतो आणि एक संघ चालवितो. कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणास सोडून द्यावे, कोणास किती पगार द्यावा, आठवडाभर सराव कशाचा घ्यावा, सामन्यात कोणते अकरा उतरवावेत, हे त्याने ठरवायचे. सामना मात्र यंत्र आपल्या गणिताने खेळते आणि निकाल पुढे ठेवते. इंटरनेटवर तर निरनिराळ्या देशांतली माणसे एकाच साखळीत आपापले संघ चालवितात.

वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतल्या कारखान्यांत काम करणारी कितीतरी तरुण मंडळी पाळी सुटल्यावर असे खेळ खेळतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले. दिवसभर सुपरवायझरचा हुकूम ऐकणारा पोरगा संध्याकाळी स्वतः मॅनेजर होऊन बसतो, हे पाहिल्यावर आमच्या मनात साहजिकच प्रश्न उभा राहिला : या खेळात सगळेच मॅनेजर, मग कामगार कोण? कामगार म्हणजे त्या पडद्यावरचा खेळाडू. त्याला वय आहे, पगार आहे, करार आहे. फक्त तोंड नाही. म्हणून आज या खुर्चीचा इतिहास सांगताना त्या मुक्या खेळाडूचाही इतिहास आम्ही बरोबरीने सांगणार आहोत.

सुरुवात इंग्लंडपासून केली पाहिजे. तेथे १८८५ साली पैसे घेऊन खेळणे अधिकृत झाले आणि १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली. त्या काळी आजच्या अर्थाचा मॅनेजर नव्हता. क्लबचे डायरेक्टर म्हणजे गावातले कारखानदार आणि व्यापारी. त्यांची समिती बसे आणि संघ निवडी. सेक्रेटरी हिशेब ठेवी. ही पद्धत मोडण्यात हर्बर्ट चॅपमन या गृहस्थाचा वाटा मोठा. हडर्सफील्ड आणि पुढे १९२५ पासून आर्सेनल येथे त्याने संघ निवडण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. तरीही इंग्लंडचा राष्ट्रीय संघ समितीच निवडीत राहिली. १९६३ साली अल्फ रॅम्से आला तेव्हा कोठे तो अधिकार एका माणसाकडे गेला, आणि तीन वर्षांनी, १९६६ साली, इंग्लंडने विश्वचषक जिंकला. मॅनेजरची खुर्ची अशी हळूहळू घडली.

आता दुसरी बाजू पाहू. १९०१ साली खेळाडूच्या पगाराला मर्यादा घालण्यात आली : आठवड्यास चार पौंड, त्यावर नाही. त्याहून कठीण अट नोंदणीची होती. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राही. क्लबने सोडले नाही, तर त्याने दुसरीकडे जायचे नाही. आणि जुन्या क्लबने पगार दिला नाही, तरी दाद मागायची नाही. दाव्याला बांधलेल्या बैलाची आणि त्याची स्थिती फारशी निराळी नव्हती. १९०७ साली मँचेस्टरमध्ये बिली मेरेडिथ आदी खेळाडूंनी युनियन काढली. १९०९ साली मालकांनी फर्मान काढले की युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी युनियन सोडली नाही. ते स्वतःला ‘बहिष्कृत’ म्हणवून घेऊन बाहेर सराव करू लागले, आणि अखेर युनियनला मान्यता मिळाली. पगाराची मर्यादा मात्र १९६१ च्या जानेवारीपर्यंत टिकली. संपाची नोटीस तयार झाली तेव्हाच ती गेली. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी नोंदणीची ती जुनी अट गैर ठरविली. आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने बोस्मान नावाच्या एका बेल्जियन खेळाडूच्या बाजूने निकाल दिला : युरोपीय संघातल्या देशांत करार संपलेला खेळाडू मोकळा, त्याच्यासाठी दुसऱ्या क्लबकडून पैसा मागता येणार नाही. चार पौंडांपासून इथवर यायला चौऱ्याण्णव वर्षे लागली.

आपल्या मुंबईची रीत निराळी होती. येथे १८९१ साली रोव्हर्स कप सुरू झाला. पहिली पन्नासेक वर्षे तो बहुतेक गोऱ्या पलटणींच्या हाती राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला तेव्हा हिंदी संघाचे नाव प्रथम त्यावर कोरले गेले. पुढे मुंबईत कंपन्यांचे आणि गिरण्यांचे संघ उभे राहिले : टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, महिंद्र, ओर्के मिल्स, शिवाय रेल्वे आणि एअर इंडिया. चर्चगेटला उतरून पायी कूपरेज गाठणाऱ्या आमच्या पिढीच्या कानांवर ही नावे लहानपणापासून पडलेली आहेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचाच. १९६२ च्या आशियाई विजेत्या संघातला फोर्तुनातो फ्रँको मुंबईच्या टाटा क्लबकडून खेळे.

या संघांचे वैशिष्ट्य असे की खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे. खेळ हे त्याचे काम, पण नोकरी खेळापुरती नव्हती. गुडघा गेला, वय झाले, तरी खात्यात टेबल मिळे, प्रॉव्हिडंट फंड चालू राही. कोळीवाड्यातला, चाळीतला, वाडीतला पोरगा फुटबॉलच्या जोरावर कायम नोकरीला लागे आणि त्याच्या घरचे दिवस पालटत. यात मालकाचा काही परोपकार होता असे आम्ही म्हणत नाही. संघ ही कंपनीची जाहिरात होती, आणि मालकाची मर्जी फिरली की संघाचे दिवस भरत. पण खेळाडूला उभे राहायला जमीन होती, एवढे खरे.

आणि संघ चालविणारा कसा असावा, याचे उदाहरणही त्याच काळात आपल्या देशाने दाखविले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी पाच वर्षे ओळीने रोव्हर्स कप नेला. १९६२ साली जाकार्ता येथे थायलंडविरुद्ध खेळताना भारताचा बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. बचावात उभा राहून उंच चेंडू डोक्याने परतविणे त्याला कठीण. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसविले नाही. त्यांनी त्याला आघाडीवर उभे केले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर भारताने २–१ असा विजय मिळविला, त्यातही एक गोल जर्नेलसिंगचा. दुसरा प्रदीपकुमार बॅनर्जींचा. रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. माणसातले कोणते बळ अजून शिल्लक आहे, हे त्यांना ओळखता येत होते. तसे बळ कोणत्याही तक्त्यात मांडलेले नसते.

आता एक योगायोग पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर गिरणगावाची घडी पुन्हा पूर्वीसारखी बसली नाही. गिरण्याच राहिल्या नाहीत, तेथे गिरण्यांचे संघ कोठून राहणार? त्याच १९८२ साली इंग्लंडमध्ये केव्हिन टॉम्स या गृहस्थाने घरगुती संगणकासाठी ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा खेळ विकायला काढला. संघ चालविण्याची खुर्ची प्रथमच सामान्य माणसाच्या घरी आली. १९९२ साली पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आणला. त्याचाच वंश आज ‘फुटबॉल मॅनेजर’ या नावाने चालतो. त्यात प्रत्येक खेळाडूचे गुण एकपासून वीसपर्यंतच्या आकड्यांत मांडलेले असतात, आणि ते आकडे ठरविण्यासाठी देशोदेशी निरीक्षक नेमलेले असतात. १९९७ साली स्वीडनमध्ये ‘हॅटट्रिक’ निघाला. तो संपूर्णपणे इंटरनेटवरचा. सोळा आठवड्यांचा हंगाम, ठरल्या वेळी सामने, आणि प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक त्या देशातल्या खेळणाऱ्यांनी मते देऊन निवडायचा. खऱ्या फुटबॉलमध्ये नसलेली लोकशाही त्या खेळात आहे, हे आम्हांला विशेष वाटले.

या खेळांचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. ते हिशेब शिकवितात. पगाराची एकूण रक्कम उत्पन्नाच्या पुढे गेली की क्लब बुडतो. सगळे खेळाडू तिशीचे झाले की दोन वर्षांत संघ कोसळतो. करार संपायच्या आत बोलणी केली नाहीत की चांगला माणूस फुकट निघून जातो. ही शेवटची अट बोस्मानच्या लढ्यातून आली, हे खेळणाऱ्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. वाटाघाटीला बसलेल्या कामगार प्रतिनिधीला ताळेबंद वाचता येत नाही, तेव्हा मालक त्याला कसा गुंडाळतो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. आमच्या पोरांना ही विद्या खेळताखेळता मिळत असेल, तर ती त्यांनी जरूर घ्यावी.

पण त्या खुर्चीवरून जे दिसत नाही, तेही सांगितले पाहिजे. पडद्यावर एक बटण दाबले की खेळाडू संघातून जातो. त्याचे भाडे थकत नाही, त्याच्या मुलाची शाळा सुटत नाही. खऱ्या आयुष्यात काय होते? १९६२ साली स्थापन झालेल्या महिंद्र संघाने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २००९-१० च्या हंगामानंतर कंपनीने तो बंद केला. पुढच्याच वर्षी पंजाबातल्या जेसीटी मिलचा संघ बंद झाला. १९९६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता तोच होता. रोव्हर्स कप तर त्याआधीच, या शतकाच्या आरंभी, थांबला होता. जिंकणारा संघ टिकतो, हा पडद्यावरचा नियम मैदानाबाहेर चालत नाही.

आकड्यांचेही तसेच. २००८ साली एव्हर्टन या इंग्लिश क्लबने खेळाडू शोधण्यासाठी या खेळाचा माहितीसाठा वापरण्याचा करार केला. म्हणजे खेळासाठी मांडलेले आकडे खऱ्या भरतीच्या टेबलावर जाऊन बसले. मग आकडे ज्याचे, त्याचा त्यांवर हक्क किती? २०२१ साली इंग्लंडमधल्या शेकडो खेळाडूंच्या वतीने कंपन्यांना पत्रे गेली की आमची माहिती वापरता, तर आमची संमती आणि मोबदला कोठे? आज कारखान्यांत आणि गोदामांत कामगाराच्या हालचाली यंत्राने मोजल्या जातात. तेव्हा हा प्रश्न फुटबॉलचा राहत नाही, आपल्या दारात येतो.

येथे एक भेद स्पष्ट करू. संघ चालविण्याचा खेळ निराळा, आणि खऱ्या सामन्यावर पैसे लावून कागदी संघ बांधणे निराळे. या दुसऱ्या धंद्यातली मोठी कंपनी, ड्रीम इलेव्हन, २००८ साली आपल्या मुंबईतच सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. पैजेवाचूनच्या खेळांना मात्र मोकळीक ठेवली. कर्ज काढून पैज लावणाऱ्या घरांचा विचार केला तर हा कायदा आम्हांला योग्य वाटतो. त्याबरोबर हेही नोंदविले पाहिजे की त्या कंपन्यांतल्या कित्येक नोकरांना एका फटक्यात घरी बसावे लागले, आणि त्यांच्या बाजूने बोलायला तेथे युनियन नव्हती.

त्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, कराराच्या घोळामुळे इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर टाकण्यात आला. ऑगस्टमध्ये बंगळूरच्या क्लबने खेळाडूंचे आणि नोकरवर्गाचे पगार थांबविले. राष्ट्रीय संघात खेळलेली नामवंत माणसे, पण हंगाम केव्हा सुरू होणार हे त्यांना कोणी सांगत नव्हते. आपल्याकडे खेळाडूंची संघटना २००६ पासून आहे. भायचुंग भूतिया तिचे पहिले अध्यक्ष. ती इंग्लंडच्या संघटनेहून जवळजवळ शंभर वर्षांनी धाकटी आहे, आणि तिचे बळही त्या मानाने कोवळे आहे.

वसईच्या पश्चिमेकडच्या गावांत अजून पोरे पावसाच्या चिखलात फुटबॉल खेळतात. त्यांतला एखादा खेळाच्या जोरावर पुढे जाईलही. त्याच्या पुढ्यात करार येईल, तेव्हा त्यातली मुदत, दुखापतीचे कलम आणि थकलेल्या पगाराचे कलम त्याला स्वतःला वाचता आले पाहिजे. आणि वाचून शंका आली, तर जाऊन विचारायला त्याची संघटना असली पाहिजे. पडद्यावर शंभर करार केलेल्या त्याच्या मित्राने त्या दिवशी त्याच्या शेजारी बसून तो कागद वाचून दाखविला, तर त्या खेळात घालविलेल्या रात्री वाया गेल्या असे आम्ही म्हणणार नाही.