मारलावाईचे पाहुणे

परळी-वैजनाथ आणि आदिलाबादचें गोंडवन यांत अंतर मोठें. परंतु १९५६ पर्यंत दोन्ही मुलुख हैदराबाद राज्यांतच होते, हें आपण मराठवाड्याचे लोक सहसा आठवीत नाहीं. गोंडांना मात्र आपली ओळख चांगलीच होती. त्यांच्या खेड्यांत येणारा पटवारी, सावकार किंवा नवा जमीनदार पुष्कळदां मराठी नाहीं तर तेलगू बोलणारा असे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, कागदावर नांव नाहीं म्हणून, दुसऱ्याची होई. १९४० सालीं जोडेघाटच्या डोंगरांत कुमरम भीमू पोलिसांच्या गोळीस बळी पडला तो याच दुःखापायीं.

त्यानंतर निजाम सरकारनें चौकशीस जो गृहस्थ धाडला, तो परक्यांतला परका. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. पण जवळ जर्मन पासपोर्ट, त्यामुळें १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच ते इंग्रजांच्या लेखीं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हैदराबादेंत अडकून पडलेल्या या विद्वानानें पत्नी एलिझाबेथसह मारलावाई या गोंड खेड्यांत बिऱ्हाड केलें, गोंडी आत्मसात केली आणि परधानांच्या तोंडून कुळकथा ऐकल्या. परधान हे गोंडांचे भाट. त्यांच्या मुखीं आहे तोच त्या लोकांचा ग्रंथसंग्रह. कागदावर विसंबणाऱ्यास हें चटकन उमजत नाहीं.

सरकारी शिक्षण तेव्हां उर्दूंतून चाले. शिक्षकाला गोंडी येईना, मुलाला उर्दू येईना, आणि दोष मात्र मुलाच्या बुद्धीचा! मारलावाईच्या केंद्रांत १९४३ पासून गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्यांत आलें; गोंडीचीं पुस्तकें देवनागरींत छापलीं, कारण गोंडांना मराठीचा परिचय होता.

आपल्यापैकीं निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनींही आदिलाबादेंत अधिकारी असतांना गोंडी व कोलामी शिकून त्यांचीं व्याकरणें लिहिलीं. अंमलदारानें रयतेची भाषा शिकावी यांत नवल तें काय? नवल एवढेंच कीं, तसे अंमलदार थोडे निघाले.

तरीही एक प्रश्न उरतो. बंड शमवूं पाहणाऱ्या सरकारचा सल्लागार होऊन बंडखोरांच्या आप्तांस गाऱ्हाणीं विचारावयाचीं, हें काम निर्मळ राहणें कठीण. माझ्या मतें हायमेनडॉर्फांना तारलें तें त्यांच्या १९४५ च्या अहवालांनीं. त्यांत दोष गोंडांच्या स्वभावावर न ढकलतां जमिनीच्या कारभारावर ठेवलेला आहे. पुढें हजारों गोंडांना पट्टे मिळाले. पण सत्तरीच्या दशकांत ते परतले, तेव्हां पुष्कळ जमीन पुन्हां बाहेरच्यांच्या हातीं गेलेली त्यांस दिसली, आणि १९८२ च्या ग्रंथांत त्यांनीं तें स्पष्ट नमूद केलें. एलिझाबेथबाई १९८७ सालीं वारल्या; त्यांची समाधि मारलावाईस आहे.