हॅपी अ‍ॅज अ क्लॅम

अमेरिकी इंग्रजीतील वाक्प्रचार; शब्दशः ‘शिंपल्यासारखा सुखी’. आपल्या जागी निवांत असलेल्या, कसलीही ददात नसलेल्या माणसासाठी तो वापरतात. निवृत्तीनंतर बागेत रमलेल्या आजोबांना किंवा वाळूत खेळणाऱ्या मुलाला तो शोभतो, विजयाच्या जल्लोषाला नाही. ही छटा कुठून आली, ते न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर कळते. जॉन रसेल बार्टलेट यांनी १८४८ च्या आपल्या अमेरिकी शब्दप्रयोगांच्या कोशात ‘भरतीच्या वेळच्या शिंपल्यासारखा सुखी’ असे लांब रूप दिले आणि ते तिथल्या किनारपट्टीवर रूढ असल्याचे नोंदवले. मेन आणि मॅसॅच्युसेट्समधला मऊ कवचाचा शिंपला किनाऱ्याच्या चिखलात पुरलेला असतो. ओहोटीला पाणी हटले की चिखलावर त्याची बारीक छिद्रे उघडी पडतात, जवळ पाऊल पडताच पाण्याची चिळकांडी उडते आणि आखूड दांड्याचे दाताळे घेऊन वाकलेल्या माणसाला त्याचा ठावठिकाणा लागतो. कोकणच्या खाड्यांत तिसऱ्या काढणाऱ्या बायकाही ओहोटीचीच वेळ साधतात. भरती आली की खणणे थांबते; शिंपला नळी वर काढून पाण्यातले सूक्ष्म अन्न गाळून घेऊ लागतो. पोटाला अन्न आणि जिवाला अभय, दोन्ही एकदम.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जेम्स हॉल यांच्या केंटकीवरील ‘द हार्प्स हेड’ या १८३३ च्या कादंबरीत आखूड रूप आधीच येते. मग भरतीची जोड मागाहून दिलेली नसेल कशावरून? पण छापील नोंदींचा क्रम म्हणजे बोलण्यातला क्रम नव्हे. ‘नाचता येईना’ एवढे म्हटले तरी आपण अंगणापर्यंत पोहोचतोच. रुळलेली म्हण अशीच आखूड होते. शिवाय केंटकीला समुद्र नाही. तिथल्या गोष्टीत शिंपला सुखी ठरतो, तो किनाऱ्यावरून आलेल्या बोलीमुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक. उघडा शिंपला हसरा दिसतो, ही दुसरी उपपत्ती त्याहून कच्ची आहे. जिवंत शिंपला चिखलात गाडलेला, त्याचे हसू पाहणार कोण? आणि टिचकी मारूनही न मिटणारी तिसरी मेलेली समजून टाकून द्यायची, हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते.

न्यू इंग्लंडची भरती साधारण सहा तासांत ओसरू लागते. म्हणजे मूळ सुख तात्पुरत्या सुटकेचे होते. भरतीचा उल्लेख गळाल्यावर ती मुदत अर्थातूनही गेली. आज अमेरिकेत बहुधा आखूड रूपच ऐकू येते, तेही अनौपचारिक बोलण्यात.