कांशीराम यांचें निवडणुकीचें गणित

पुणें करार हा आपल्या शालेय इतिहासांत दोन वाक्यांत आटोपणारा विषय आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत तो झाला. प्रांतिक विधिमंडळांतील अस्पृश्यांच्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु त्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले. एवढें पाठ करून मुलें परीक्षेस बसतात. ह्या कराराला बरोबर पन्नास वर्षें झालीं त्या दिवशीं एका पंजाबी गृहस्थांनीं त्यावर 'द चमचा एज' या नांवाचें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. ते गृहस्थ म्हणजे कांशीराम. स्वतंत्र भारतांत निवडणुकीचा इतक्या थंड डोक्यानें विचार करणारे पुरुष थोडेच झाले.

रोपड जिल्ह्यांतील एका रामदासिया शीख कुटुंबांत १५ मार्च १९३४ रोजीं त्यांचा जन्म झाला. बी. एस्सी. होऊन ते पुण्यास संरक्षण खात्याच्या स्फोटकविषयक प्रयोगशाळेंत नोकरीस लागले. तेथें आंबेडकरजयंती व बुद्धजयंती यांच्या सुट्या रद्द झाल्या, तेव्हां दीनाभाना या चतुर्थ श्रेणींतील कर्मचाऱ्यानें विरोध केला व तो निलंबित झाला. कांशीराम त्याच्या पाठीशीं उभे राहिले. त्याच सुमारास डॉ. आंबेडकरांचा जातिनिर्मूलनावरील निबंध त्यांच्या हातीं पडला. पुढें नोकरी सुटली, अविवाहित राहण्याचें ठरलें, आणि उरलेलें आयुष्य एकाच हिशेबांत गेलें.

तो हिशेब असा. राखीव जागेवर उमेदवार दलित असतो, पण त्याला निवडून देणारीं बहुसंख्य मतें इतरांचीं असतात. म्हणून तो त्यांच्याच हातानें हलतो. चमचा हा शब्द त्यांनीं योजिला तो याच अर्थानें. मात्र स्वतंत्र मतदारसंघ परत मागत बसण्यांत त्यांनीं वेळ दवडला नाहीं. दलित, आदिवासी, मागासवर्गीय व अल्पसंख्य मिळून शेकडा ८५ होतात, हे एकवटले तर दुसऱ्याच्या हाताची गरजच काय, असा त्यांचा प्रश्न होता.

आरंभ त्यांनीं पगारदारांपासून केला, ही गोष्ट मला त्यांच्या बुद्धीची खरी साक्ष वाटते. सरकारी नोकराला राजकारण वर्ज्य. परंतु पैसा, वेळ व बुद्धि तो देऊं शकतो. ६ डिसेंबर १९७८ रोजीं स्थापिलेल्या 'बामसेफ'नें तें गोळा केलें. मग सायकलवरून गांवोगांव प्रचार झाला, आणि १४ एप्रिल १९८४ रोजीं बहुजन समाज पक्ष निघाला.

पहिली निवडणूक हरण्यासाठीं, दुसरी हरविण्यासाठीं व तिसरी जिंकण्यासाठीं लढावी, असें ते म्हणत. श्रोत्यांपैकीं कांहींना हा विनोद वाटेल. परंतु १९८८ च्या अलाहाबाद पोटनिवडणुकींत विश्वनाथ प्रतापसिंह जिंकले, तेव्हां तिसऱ्या क्रमांकावरील कांशीरामांना सुमारें ७० हजार मतें पडलीं होतीं. पराभवाचा तो आंकडाच त्यांचें भांडवल झाला. १९८९ सालीं पक्षाचे तीन खासदार आले. १९९३ सालीं मुलायमसिंहांशीं युति करून उत्तर प्रदेशांत ६७ आमदार आले. आणि ३ जून १९९५ रोजीं भारतीय जनता पक्षाच्या पाठिंब्यावर मायावती मुख्यमंत्री झाल्या.

कालचा विरोधक आजचा आधार कसा, असें विचारणाऱ्यांना त्यांचें उत्तर तयार असे. मजबूत सरकार गरिबाला विचारीत नाहीं, मजबूर सरकारला विचारावें लागतें; वारंवार निवडणुका होणें हें दुबळ्याच्या हिताचेंच आहे. हें मत मला अर्धेंच पटतें. मायावतींचें तें पहिलें मंत्रिमंडळ साडेचार महिन्यांत कोसळलें. एवढ्या अवधींत शाळेची इमारतसुद्धां उभी राहत नाहीं. परंतु ज्यांच्या दारीं पूर्वीं कोणी फिरकत नसे, त्यांच्याकडे पुढारी हात जोडून येऊं लागले, हेंही खरें.

हें शिक्षण पुण्यांत झालें आणि पीक आलें उत्तरेंत. उत्तर प्रदेशांत अनुसूचित जाति शेकडा २१ च्या आसपास, महाराष्ट्रांत सुमारें १२. शिवाय येथें रिपब्लिकन पक्ष आधीपासून होता. त्यांत कांशीराम यांनीं कांहीं वर्षें कामही केलें; त्याचे तट आणि काँग्रेसशीं होणाऱ्या तडजोडी पाहूनच ते बाहेर पडले. पुढें स्वतःचा पक्ष घेऊन परतले, तरी येथें त्यांना पाय रोवतां आले नाहींत.

९ ऑक्टोबर २००६ रोजीं दिल्लीस ते वारले. पुढच्याच वर्षीं उत्तर प्रदेशांत त्यांच्या पक्षानें ४०३ पैकीं २०६ जागा एकट्याच्या बळावर जिंकल्या. मजबूर नव्हे, चांगलें मजबूत सरकार आलें. २०२२ सालीं त्याच विधानसभेंत त्याच पक्षाचा एकच आमदार निवडून आला. मतें मात्र तेव्हांही शेकडा बारांहून अधिक होतीं.