डिक्टिओस्टेलियम : पेशींमधील संदेशवहन व आसंजन

डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियम हा जंगलातील माती व कुजका पालापाचोळा यांत राहणारा आणि जीवाणू खाऊन जगणारा सूक्ष्म सजीव आहे. त्याची गणना श्लेष्मकवकांत होत असली, तरी तो कवक नाही; तो अमीबांच्या गोतावळ्यातला आहे. केनेथ रेपर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३३ साली नॉर्थ कॅरोलायनातील जंगलातून तो मिळवला आणि १९३५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अन्न मुबलक असते तोवर त्याची प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे हिंडते, दुभागते आणि वाढते. जीवाणू संपले की काही तासांतच विखुरलेल्या पेशी एकत्र येऊ लागतात. कधी कधी १ लाखापर्यंत पेशींचा ढीग जमतो. त्यातून बिनशंखाच्या गोगलगायीसारखा, उजेडाकडे सरकणारा २ ते ४ मिमी. लांबीचा पिंड तयार होतो आणि शेवटी देठावर बीजाणूंचा गोळा उभा राहतो. हे सारे सुमारे २४ तासांत घडते. जवळपास एक पंचमांश पेशी देठ होऊन मरतात, उरलेल्या बीजाणू बनतात.

फायसेरमसारख्या श्लेष्मकवकाचा पिवळा पसारा म्हणजे असंख्य केंद्रके असलेली एकच प्रचंड पेशी असते. डिक्टिओस्टेलियममध्ये मात्र पिंड बनल्यावरही प्रत्येक पेशी आपल्या पटलात वेगळीच राहते. त्यामुळे कोणत्या दिशेला जायचे हे पेशीला कसे कळते आणि जवळ आल्यावर ती दुसरीला कशी धरून ठेवते, हे दोन्ही प्रश्न येथे उघड्यावर अभ्यासता येतात. त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली निघाली, आणि या जीवाचे खरे महत्त्व त्या गुंत्यात आहे.

पेशींना ओढून घेणारे काहीतरी केंद्रातून पाझरते, हे जॉन टायलर बॉनर यांनी १९४७ साली साध्या, पण अत्यंत देखण्या प्रयोगाने दाखवले. पेशी गोळा होत असलेल्या केंद्रावरून त्यांनी पाण्याचा संथ प्रवाह सोडला. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेले अमीबा केंद्राकडे धावले; वरच्या अंगाचे अमीबा त्या ओढीला दाद देईनात. म्हणजे आकर्षण स्पर्शाचे नव्हते, पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या रसायनाचे होते. बॉनर यांनी त्याला ‘ॲक्रॅसिन’ म्हटले. हे रसायन म्हणजे चक्रीय एएमपी, हे १९६७ मध्ये कोनाइन, बॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हाच रेणू हॉर्मोनचा निरोप पेशीच्या आत पोचवतो. अमीबा तो बाहेरही सोडतो आणि शेजाऱ्यांना हाक घालतो.

ही हाक सलग नसते. साधारण दर ६ मिनिटांनी चक्रीय एएमपीचा एक स्पंद उठतो. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन तो टिपते. ती पेशी काही वेळ केंद्राच्या दिशेने सरकते आणि स्वतःही तेच रसायन सोडून निरोप पुढे पाठवते. त्यानंतर थोडा काळ तिचे ग्राही बधिर होतात. हा बधिरपणा अत्यावश्यक आहे, कारण तो नसता तर लाट पुढे निघून गेल्यावर पेशी तिच्यामागे उलट फिरली असती. दरम्यान पेशींनीच सोडलेले एक विकर उरलेले चक्रीय एएमपी नष्ट करते आणि पुढच्या स्पंदासाठी जागा मोकळी होते. योग्य प्रकाशयोजनेत सूक्ष्मदर्शकाखाली या लाटा वर्तुळे व सर्पिले होऊन पसरताना दिसतात. एव्हलिन फॉक्स केलर आणि ली सेगेल यांनी १९७० मध्ये या जमावाचे गणिती प्रारूप मांडले. असा जमाव सुरू व्हायला ‘नायक’ पेशी असलीच पाहिजे असे नाही, हा त्याचा निष्कर्ष तेव्हा रूढ समजुतीला छेद देणारा होता.

चिकटण्याची यंत्रणा टप्प्याटप्प्याने उभी राहते. सुरुवातीला कॅल्शियमवर अवलंबून असलेले एक प्रथिन पेशींना कुशीला कुशी लावून सैलसर जोडते. माध्यमातले कॅल्शियम बांधून टाकले की ही जोडणी सुटते. एकत्र येण्याच्या काळात ‘सीएसए’ हे ग्लायकोप्रथिन पृष्ठभागावर येते. त्याला कॅल्शियम लागत नाही. पेशींच्या टोकांची पकड मुख्यतः त्याची असते, म्हणून पेशी एकीच्या मागे एक अशा रांगांत चालतात. जर्मनीतील गुंथर गेरिश यांनी प्रतिपिंडांचे तुकडे वापरून ही दोन प्रकारची संपर्कस्थाने वेगळी करून दाखवली. रांगेतल्या पेशीचे चक्रीय एएमपी बनवणारे विकर तिच्या शेपटाकडे एकवटलेले असते, त्यामुळे मागच्या पेशीला वाट पुढचीच दाखवते.

गुंता दिसतो तो इथे. सीएसएचे जनुक जोमाने कार्यान्वित होण्यासाठी चक्रीय एएमपीचे थांबून थांबून येणारे स्पंद लागतात. तेच रसायन सतत ओतत राहिले तर तो परिणाम साधत नाही. म्हणजे ज्या लयीने पेशी हाक देतात, तीच लय त्यांच्या अंगावर पकड निर्माण करते. उलट दिशेनेही दुवा आहे. पेशींनी सोडलेला ‘गणन-घटक’ साचत गेला की आसंजन कमी होते, लांब रांगा तुटतात आणि पिंडाचा आकार आटोक्यात राहतो. हा घटक जास्त स्रवणाऱ्या उत्परिवर्ती प्रकारांत असंख्य बारीक पिंड तयार होतात.

पकड सर्वांशी सारखी नसते. २००३ मध्ये डेव्हिड क्वेलर, जोन स्ट्रासमन व सहकाऱ्यांनी सीएसए नसलेल्या आणि असलेल्या पेशी मिसळल्या. मातीवर सीएसए नसलेल्या पेशींना पकड न मिळाल्याने त्या बऱ्याच अंशी मागे राहिल्या. गुळगुळीत आगरवर मात्र त्या पिंडात पोचल्या, देठाच्या भागापासून मागे सरकल्या आणि बीजाणूंमध्ये त्यांचाच वाटा मोठा ठरला. पिंड बांधणे आणि आपल्यांना ओळखणे ही कामे पुढे टीजीआरबी१ व टीजीआरसी१ ही प्रथिनांची जोडी करते. त्यांच्या जनुकांत वाणावाणांत खूप फरक असतो. एका पेशीवरचे बी१ दुसरीवरच्या जुळत्या सी१ला धरते. जोडी जमली नाही तर एकत्र आलेल्या पेशीही विलग होतात.

निसर्गात ही चाळणी पक्की नाही. तामिळनाडूतील मुदुमलईच्या जंगलात माती व मोठ्या प्राण्यांच्या विष्ठेतून गोळा केलेल्या सामाजिक अमीबांचा अभ्यास बंगळूरच्या विद्यानंद नंजुंडय्या यांच्या गटाने केला. त्यात एकाच देठावर वेगवेगळ्या वंशांच्या पेशी एकत्र आढळल्या.