कर्करोगाची व्याप्ती

कर्करोगाची व्याप्ती म्हणजे एखाद्या लोकसंख्येत ठरावीक दिवशी हयात असलेल्या, कर्करोगाचे निदान झालेल्या व्यक्तींचे प्रमाण. ते सहसा दर १ लाख लोकसंख्येमागे सांगतात. वर्षभरात आढळलेल्या नव्या रुग्णांचे प्रमाण, म्हणजे नवरुग्णदर, हा त्याहून वेगळा असतो. औषधे, तपासण्या आणि वेदनाशामक सेवा किती जणांना लागतील, हे व्याप्तीवरून ठरवता येते.

गणना

नवरुग्णदर स्थिर असल्यास, त्याला निदानानंतरच्या सरासरी आयुष्यकाळाने गुणून व्याप्तीचा अंदाज मिळतो. समजा, २ लाख वस्तीच्या तालुक्यात दरवर्षी ८० नवे रुग्ण आढळतात व ते सरासरी ३ वर्षे जगतात. तर हयात रुग्ण सुमारे २४०, म्हणजे लाखामागे १२० असतील. उपचार सुधारून हा काळ ४ वर्षे झाल्यास ही संख्या ३२० होईल. त्यामुळे वाढती व्याप्ती नेहमीच रोग बळावल्याचे लक्षण नसते.

तुलनेसाठी बहुधा मागील ५ वर्षांत निदान झालेले हयात रुग्ण मोजतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये असे रुग्ण जगात सुमारे ५.३५ कोटी, तर भारतात सुमारे ३२.६ लाख होते. त्याच वर्षी भारतातील नवे रुग्ण सुमारे १४.१ लाख होते.

महाराष्ट्रातील नोंदणी

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. पुढे पुणे, औरंगाबाद व नागपूर येथेही नोंदणी सुरू झाली. देशातील पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली; तिच्या क्षेत्रात बार्शी, परांडा व भूम हे तालुके होते. ग्रामीण रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतीलच असे नसल्याने तेथील कर्मचारी गावोगाव जाऊन माहिती घेत.

अशा नोंदणीत उपचाराचे नव्हे, तर वास्तव्याचे ठिकाण धरले जाते. वाशिम जिल्ह्यातील रिसोडचा रहिवासी उपचारासाठी नागपूरला गेला, तरी तो नागपूरच्या लोकसंख्येत मोजला जात नाही.

मर्यादा

केवळ एका रुग्णालयातील रुग्णसंख्येवरून व्याप्ती काढता येत नाही, कारण त्या रुग्णांमागील लोकसंख्या निश्चित नसते. मृत्यूची नोंद राहून गेल्यास मृत व्यक्ती हयात गणली जाते व व्याप्ती फुगते; निदानच न झाल्यास ती कमी दिसते. यासाठी नोंदणी कर्मचारी रुग्णालये व प्रयोगशाळांबरोबरच मृत्यूनोंदणी कार्यालयांतील अभिलेखही तपासतात.