तबकडीवरचा लहान आकडा

जुन्या ब्रिटिश मोटारीच्या स्पीडोमीटरकडे वाकून पाहिले, तर तबकडीच्या तळाशी, सहजी नजरेत न भरणाऱ्या अक्षरांत, बहुधा दोन नोंदी छापलेल्या दिसतात. त्यांतली एक म्हणजे स्मिथ्स या निर्मात्याचा सांकेतिक क्रमांक. दुसरी म्हणजे नुसता एक आकडा: १०००, १२८० असा काही. त्यापुढे एकक नाही, खुलासा नाही. वस्तूंकडे दस्तऐवज म्हणून पाहण्याची खोड असलेल्या आम्हांला तबकडीवरच्या ठसठशीत आकड्यांपेक्षा हा लहान आकडा अधिक बोलका वाटतो. जुन्या गाडीला बदली स्पीडोमीटर बसवणारे फसतात, ते पुष्कळदा तो न वाचल्यामुळेच.

गाडी एक मैल पुढे गेली असता स्पीडोमीटरच्या केबलचे किती फेरे व्हावयास हवेत, हे तो आकडा सांगतो. येथे एक समज दूर करावयास हवा. स्पीडोमीटर वेग मोजतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो वेगाविषयी काहीही जाणत नाही. १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीच पुढे मोटारींत रूढ झाली. केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती, त्याला न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जेथे स्थिरावते, तेथे काटा थांबतो. स्मिथ्सचे घराणे मूळचे लंडनच्या घड्याळजींचे. अशी स्प्रिंग त्यांच्या हाताला नवी नव्हती. मैल मोजणारी चाके मात्र या ओढाताणीत नसतात. ती केबलला दातांनीच जोडलेली असतात. म्हणजे एकाच खोक्यात दोन साक्षीदार बसलेले असतात: एक अदमासाने बोलणारा, दुसरा हिशेबनीस. केबलचे फेरेच चुकीचे आले, तर दोघेही सारख्याच आत्मविश्वासाने चुकीची साक्ष देतात.

हे फेरे येतात कोठून? मागच्या चाकांनी चालणाऱ्या त्या काळच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या शेपटाकडून, म्हणजे बाहेर पडणाऱ्या दांड्यावरून. त्यामुळे गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे की चौथ्या, याने काही बिघडत नाही. बिघडते ते तीन गोष्टींनी: केबल फिरवणारे लहान दातेरी चाक, मागच्या आसातील डिफरन्शियलचे गुणोत्तर आणि टायरचा घेर. तबकडीवरचा आकडा म्हणजे या तिहींचा गुणाकार. तो स्पीडोमीटरचा गुणधर्म नव्हेच. तो ज्या गाडीसाठी घडवला तिच्या अंगकाठीचे ते वर्णन आहे.

मॉरिस मायनरचा दाखला घेऊ. अ‍ॅलेक इसिगोनिसने आखलेली ही गाडी १९४८ साली आली आणि सोळा लाखांवर विकली गेली. १९५६ साली तिला ९४८ सीसीचे इंजिन मिळाले, १९६२ साली १०९८ सीसीचे. मोठ्या इंजिनाला ओढ अधिक, म्हणून कंपनीने डिफरन्शियलचे गुणोत्तर ४.५५ वरून ४.२२ वर आणले. त्याच वेगाला इंजिन थोडे कमी फिरू लागले. पुढे ९४८ सीसीच्या गाड्यांचे मालकही ४.२२ चे डिफरन्शियल मिळवून बसवू लागले. महामार्गावर गाडी शांत धावते, एवढाच त्यांचा हेतू. स्पीडोमीटरला हे कोणी कळवत नाही.

समजा, तबकडीवर १४६० छापले आहे आणि डिफरन्शियल बदलण्याआधी गाडीही मैलाला १४६० फेरेच देत होती. बदलानंतर ती १३५४ देईल. खरा वेग ताशी ६० मैल असताना काटा साडेपंचावन्नच्या आसपास रेंगाळेल. ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांना स्पीडोमीटर सक्तीचा झाला १९३७ साली. आजचे आंतरराष्ट्रीय नियम त्याला खऱ्यापेक्षा थोडे जास्त दाखवण्याची मुभा देतात, कमी दाखवण्याची मुळीच नाही. या गाडीची चूक नेमकी त्या निषिद्ध दिशेची आहे. आम्हांला मात्र दंडाच्या पावतीहून अधिक खुपते ते मैलांचे. दहा हजार मैल चाललेली गाडी ९,२७५ दाखवते. ती कोणी मुद्दाम मागे फिरवलेली नसते. खोटेपणाचा हेतू नसताना दस्तऐवज खोटा झालेला असतो.

आकडा वाचला तरी फसगत होऊ शकते, कारण तो कोणत्या मापाचा हेही पाहावे लागते. शिवराज्याभिषेकाचे साल १५९६ की १६७४, असा वाद कोणी घालत नाही. पहिला शक, दुसरा इसवी सन, हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. स्पीडोमीटरच्या बाजारात मात्र हा वाद रोज होतो. ब्रिटनबाहेर निर्यात झालेल्या गाडीच्या तबकडीवर ९०० असेल, तर ते किलोमीटरचे फेरे. १.६०९ ने गुणले की मैलाचे १४४८ होतात. म्हणजे १४४८ चा शोध घेणारा माणूस ९०० पाहून जे यंत्र नाकारतो, ते आतून त्याच्याच गाडीचे असते; आणि १००० ची किलोमीटरची व १००० ची मैलाची ही दोन यंत्रे एकमेकांची कोणीच नसतात. आपल्याकडे १९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर रस्ते किलोमीटरचे झाले आणि ब्रिटिश आराखड्यांवरून घडलेल्या गाड्यांना मैलांचा हिशेब सोडावा लागला. मैलाचा दगड भाषेत राहिला, हे खरे.

गाडीचा खरा आकडा काढण्याची रीत साधी आहे आणि तिला उपकरणे लागत नाहीत. केबल स्पीडोमीटरपासून सोडवावी, आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा एक काटा लावावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून मागच्या चाकाचे बरोबर ६ फेरे होईतो सरळ पुढे ढकलावी आणि पुठ्ठ्याच्या काट्याचे फेरे, उरलेल्या अंशासकट, मोजावेत. मग चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर इंचांत घ्यावे. गाडीचे वजन चाकावर असतानाच, कारण टायर दबतो. फेऱ्यांना १६८० ने गुणून त्या अंतराने भागले की आकडा मिळतो. हे १६८० कोठून आले? मैलात ६३,३६० इंच. त्यांना चाकाच्या ६ फेऱ्यांतील १२ पायने भागले की झाले. जॅकवर एकच चाक उचलून फिरवणाऱ्याने मात्र १२ फेरे द्यावेत. दुसरे चाक जमिनीवर अडलेले असते आणि डिफरन्शियल हालचाल निम्मी करते. ही सूचना विसरून दुप्पट चुकलेले लोक आहेत.

आता आकडे जुळत नाहीत, तर बदलायचे काय? एक मार्ग म्हणजे योग्य आकड्याचे दुसरे यंत्र शोधणे. दुसरा, कारागिराकडून आतली दातेरी चाके बदलून घेणे व काटा नव्याने जुळवणे. यातही एक आडवाट आहे: फक्त चुंबक वा स्प्रिंग छेडून काटा बरोबर करता येतो, पण मैलांची चाके जुन्याच हिशेबाने फिरत राहतात. आतले बदलून तबकडीवर जुनाच आकडा ठेवणे हा प्रकार आम्हांला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो; पाठ दुरुस्त करून पुष्पिका जुनीच ठेवण्यासारखा. तिसरा मार्ग म्हणजे केबलच्या वाटेत एक लहानशी गिअरची डबी बसवणे. वरच्या उदाहरणात तिने फेरे १.०७८ पट करावयास हवेत. डबी बोनेटखाली किंवा गाडीच्या पोटाशी राहते, तबकडी अस्पर्श राहते, आणि ती काढली की सारे पूर्ववत. अस्सलतेचा आग्रह धरणारे पुष्कळदा हिच्याकडे नाक मुरडतात. आमचे मत तिच्या बाजूने आहे: ती संहितेला हात लावत नाही, तळटीप देते.

मधल्या काळात गेलेले मैल मात्र डबीने परत येत नाहीत. ज्या मालकाने डिफरन्शियल बदलल्याची तारीख आणि त्या दिवशीचे मैल वहीत टिपून ठेवले असतील, त्याच्या गाडीचा मीटर आजही सुधारून वाचता येतो: त्या दिवसापासून डबी बसेपर्यंतच्या दर हजारात ७८ मिळवायचे.