रांजण बदलताना

राजधान्या हलल्या, दप्तरे गाड्यांवर चढली, पेठा नव्याने वसल्या, असा स्थलांतराचा इतिहास आपण पुष्कळ वाचतो. यंत्रांच्या स्मृतीलाही कधी कधी घर बदलावे लागते, आणि त्या घरबदलालाही एक इतिहास आहे. त्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

आपण फोनवर एखादे पान उघडतो, तेव्हा त्यातील प्रत्येक मजकूर मूळ दप्तरातून, म्हणजे डेटाबेसमधून, आणला जातोच असे नाही. तेथवरची खेप वेळखाऊ असते. म्हणून वारंवार लागणारा मजकूर वेगळ्या यंत्रांच्या चपळ स्मृतीत काढून ठेवतात. ह्या साठ्याला 'कॅश' म्हणतात. रोख रकमेशी ह्या शब्दाचे नाते नाही. लपविणे ह्या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो आला आहे. परसातील विहीर आणि स्वयंपाकघरातील रांजण, एवढे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे.

१९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी मोठ्या पण मंद स्मृतीच्या दिमतीस एक लहान, जलद 'दास-स्मृती' असावी असा विचार मांडला. १९६८ साली आयबीएमने जाहीर केलेल्या 'सिस्टीम ३६० मॉडेल ८५' ह्या संगणकात कॅश होती. पुढे २००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल ह्या संकेतस्थळासाठी 'मेमकॅश्ड' रचले आणि अनेक यंत्रांची स्मृती मिळून एक सामाईक रांजण झाला.

पण यंत्रे जुनी होतात, नवी आणावी लागतात, आणि येथे दोन पेच उभे राहतात. पहिला पेच पत्त्याचा. कोणती वस्तू कोणत्या यंत्रात, हे ठरविण्याची सोपी रीत भागाकाराची: वस्तूचा अंक यंत्रांच्या संख्येने भागावा आणि बाकीवरून यंत्र निवडावे. दहा यंत्रांची अकरा झाली की ह्या रीतीने अकरांपैकी दहा वस्तूंचा पत्ता चुकतो! १९९७ साली एमआयटीतील संशोधकांनी वस्तू आणि यंत्रे एकाच वर्तुळावर मांडण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिच्यामुळे अकरांपैकी सुमारे एकच वस्तू जागा बदलते.

दुसरा पेच अधिक कठीण. ह्या स्मृतीतील मजकूर वीज जाताच पुसला जातो. नवे यंत्र कितीही वेगवान असो, पहिल्या क्षणी ते कोरडेच असते. जुना रांजण एकाएकी हलविला तर सारे घर घागरी घेऊन विहिरीवर धावते आणि विहीरच आटते. ही भीती काल्पनिक नाही. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुकवर एका चुकीच्या नोंदीमुळे प्रत्येक यंत्र कॅशमधील नोंद पुसून डेटाबेसकडे धावू लागले. सेकंदाला लाखो विचारणांखाली डेटाबेस दबून गेला. अखेर संकेतस्थळच बंद करून गर्दी थांबवावी लागली, आणि मग लोकांना हळूहळू आत घेतले गेले. तोवर सुमारे अडीच तास गेले होते.

त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात नव्या, कोरड्या यंत्रसमूहाने प्रथम शेजारच्या भरलेल्या समूहाकडे मागावे, अशी रीत सांगितली आहे. शेजारचे पाणी शिळे असू शकते, म्हणून मूळ नोंद बदलताच नव्या कॅशमधील प्रत खोडावयाची आणि पुढील दोन सेकंद तेथे जुनी प्रत ठेवू द्यावयाची नाही. ज्या कामास काही दिवस लागत, ते ह्या रीतीने काही तासांत होऊ लागले.

ह्या साऱ्याचा आपणां नागरिकांशी संबंध काय? आज रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, मुलांचे निकाल अशाच यंत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचतात. नवी यंत्रणा येते तेव्हा तिच्या वेगाचे आकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. बदलाच्या दिवशी कोणाचे काम अडेल, हे क्वचितच कोणी सांगतो. आमच्या मते विचारावयाचा प्रश्न तोच आहे: नवे भरेपर्यंत जुने जागेवर ठेवले आहे काय? त्या दिवशी खोळंबते ते खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचे काम. म्हणून हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.